इमारत सर्वांची : वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी काय शिकावे?

चिखलदरा हे डोंगरावरचे गाव. येथे सभागृह किंवा ग्रंथालय बांधताना काठी टेकणारी आजी, चाकाच्या खुर्चीतला तरुण आत कसे येतील, असे विचारले की उत्तर मिळते, "डोंगरावर हे कसे जमणार?" वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांचा धडा या प्रश्नापासूनच सुरू व्हावा, असे आम्हांस वाटते.

वय, उंची, शरीर कसेही असो, शक्य तितक्या सर्वांना वेगळी सोय न मागता वापरता येईल अशी बांधणी म्हणजे 'सार्वत्रिक रचना'. हा शब्द अमेरिकन वास्तुविशारद रॉन मेस यांनी रूढ केला. ते स्वतः चाकाची खुर्ची वापरीत. आपल्याकडे १९९५ च्या अपंग कायद्याच्या जागी २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. त्याच्या कलम ४७ मध्ये अभियंते व वास्तुविशारद यांच्या शिक्षणात दिव्यांगत्वाचा विषय असावा असे म्हटले आहे. कलम ४४ प्रमाणे सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्यास बांधकामाची परवानगी देता येत नाही.

आता साधे गणित पाहू. उताराचे प्रमाण १ ला १२ हवे. १५ सेंटिमीटरच्या सहा पायऱ्या म्हणजे ९० सेंटिमीटर उंची. तिच्यासाठी १० मीटर ८० सेंटिमीटर उतार लागतो. शिवाय मध्ये सपाट विसावा आणि धरायला कठडे. इमारत उभी राहिल्यावर एवढी जागा कोठून आणणार? मग घसरगुंडीसारखा उतार करून वेळ मारून नेली जाते.

उलट डोंगरउतार मदतीलाच येतो. वरच्या रस्त्याच्या पातळीला वरचा मजला आणि खालच्या वाटेच्या पातळीला खालचा मजला ठेवला, तर दोन्हींत पायरीवाचून जाता येते. मात्र हे पहिल्या रेघेलाच सुचले पाहिजे.

त्यासाठी विद्यार्थ्यांनी टेप घेऊन जुन्या इमारती मोजाव्यात. तासभर डोळ्यांना पट्टी बांधून अंधाराची भीती कळते. पण अंध व्यक्ती रोज वाट कशी काढते, ते तिच्याबरोबर चालल्यावरच कळते.

आम्ही बँकेत नोकरी करतो. पेन्शनच्या तारखेला पायऱ्यांशी थबकलेले वृद्ध पाहतो. आज धडधाकट असलेले आपणही उद्या तेथेच असू. म्हणून समाजबांधवांनी कोणताही नकाशा मंजूर करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : मुख्य दारातून पायरीवाचून जाता येते का? संडासाचे दार ९० सेंटिमीटर मोकळे उघडते का? आत खुर्ची वळण्यास दीड मीटर जागा आहे का? तिन्हींचे उत्तर 'होय' येईपर्यंत नकाशा परत पाठवावा.