सोसायटीला छोटा कॉम्प्युटर घ्यायचा, पण कोणता?



ऑफिसला नवा कॉम्प्युटर घ्यायचाच तर पत्त्यांच्या कॅटएवढा रास्पबेरी पाय का नको, असं आपली पोरं विचारतात. प्रश्न बरोबर आहे. मोबाईलमध्ये असतो तसा एआरएम प्रोसेसर, सगळं एकाच बोर्डावर, आणि वर फुकटचं लिनक्स. इंग्लंडात केंब्रिजच्या लोकांनी 2012 साली तो शाळकरी पोरांसाठी काढला, आता कारखान्यातही चालतो.

ऑफिससाठी माझं मत पाय 4, 4 जीबीवाला. मराठी-तेलुगू दोन्ही टाइप होतं. सभासद यादी, शेअरचा हिशोब, मत्स्यबीज वाटपाचा तक्ता लिबरऑफिसमध्ये आरामात होतो. 2023 चा पाय 5 पळतो जोरात, पण पूर्ण ताकदीला 5 अँपिअरचा अडॅप्टर मागतो आणि तापतो, पंखा लावावा लागतो. त्यात घड्याळ मात्र आतच आहे, वेगळा छोटा सेल जोडला की लाईन गेली तरी तारीख चुकत नाही. पाय 4 मध्ये हे नाही. नेट नसलं तर जुनीच तारीख पावतीवर छापून येईल, हे ध्यानात ठेवा. ऑरेंज पाय 5 मध्ये 8 कोअर आहेत, पण अडलं तर सांगणारी माणसं कमी. आपल्याला ते परवडणार नाही.

खरी भीती लाईनची. हे बोर्ड बहुतेक मेमरी कार्डावर चालतात. लिहिणं चालू असताना लाईन गेली की कार्ड बिघडू शकतं, आणि मग सगळ्यांची शेअर नोंद एका झटक्यात गेली! म्हणून बोर्डासोबत छोटा यूपीएस आणि यूएसबीची एसएसडी घ्यायचीच. शिवाय दर आठवड्याला पेनड्राइव्हवर कॉपी, आणि तो पेनड्राइव्ह ऑफिसबाहेर दुसऱ्याच्या घरी.

विंडोजचं टॅली यावर सरळ चालत नाही. काही प्रिंटरचा लिनक्स ड्रायव्हरही फक्त इंटेलसाठीच असतो. हिशोब टॅलीतच ठेवायचा असेल तर जुना इंटेल पीसी बरा.

तलावाचं गणित वेगळं. सातनाला असो की गावतळं, पाण्यातला ऑक्सिजन पहाटे सगळ्यात कमी होतो, तेव्हाच कटला-रोहू वर तोंड काढतात. तिथं 512 एमबीचा पाय झिरो 2 डब्ल्यू पुरे, वीज कमी खातो. पाण्याचं तापमान मोजणारा डीएस18बी20 सेन्सर थेट जोडता येतो. ऑक्सिजनचे बरेच प्रोब मात्र अ‍ॅनालॉग असतात आणि पायला अ‍ॅनालॉग पिनच नाही, मध्ये वेगळी चिप लागते. बीगलबोन ब्लॅकमध्ये अशा 7 पिना आहेत, पण 1.8 व्होल्टपर्यंतच. जास्त दिलं तर बोर्ड जळेल.

कुणाच्या पोराकडे पाय 4 पडून असेल तर पुढच्या बैठकीला घेऊन या. आपला प्रिंटर त्यावर चालतो का ते आधी बघू, पैसे नंतर.