विजेवाचून बोलणारा रेडिओ

मराठीच्या प्राध्यापकाने कंडेन्सरवर लिहावे, हे काही वाचकांना रुचणार नाही. पण ज्या घरांत आकाशकंदील अजून हातांनी करतात, तेथे या सुटीत क्रिस्टल सेटही व्हायला हरकत नाही. कात्री, पुठ्ठा आणि घरभर पसारा ही तयारी झालेलीच असते!

सामान मोजकेच. दोन इंच व्यासाच्या पुठ्ठ्याच्या नळीवर एनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचे ८० वेढे, एक गँग कंडेन्सर, एक जर्मेनियम डायोड आणि क्रिस्टल इअरफोन. मोबाईलचा इअरफोन येथे चालत नाही. इअरफोनच्या दोन टोकांना जोडून ४७ हजार ओमचा रेझिस्टर हवा. त्याची ओळख पिवळा, जांभळा, नारिंगी या पट्ट्यांवरून पटते. ही रंगलिपी आमची धाकटी एका संध्याकाळी शिकली. मोडीच्या बाबतीत मला असा अनुभव नाही.

मुंबईकरांनी हे सारे लॅमिंग्टन रोडवर धुंडाळावे. दुकानदार सिलिकॉनचा डायोड पुढे करील; तो घेऊ नये. सिलिकॉनला वाट द्यायला अर्ध्या व्होल्टाहून अधिक दाब लागतो. जर्मेनियम त्याच्या निम्म्यातच राजी होते, आणि आपल्याजवळ दाब असतो तो अगदी एवढासा.

कारण या सेटला सेल नाही, की भिंतीतली वीज नाही. आमचा सेट कुजबुजू लागला तेव्हा सौ.ने विचारले, "अहो, मग हा बोलतो तरी कुणाच्या जिवावर?"

प्रश्न लाखमोलाचा होता. तो बोलतो प्रक्षेपण केंद्राच्या जिवावर. गच्चीवर ताणलेल्या पंधरावीस मीटर तारेत रेडिओलहरी सूक्ष्म प्रवाह जागा करतात. वेढे आणि गँग मिळून त्यांतले हवे ते केंद्र निवडतात. डायोड प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देतो आणि लहरींवर स्वार झालेला आवाज त्यामुळे सुटा होतो. तारेचे दुसरे टोक नळाच्या लोखंडी पाइपला जोडायचे. विजेच्या सॉकेटजवळ मात्र ते चुकूनही नेऊ नये. ढग गडगडू लागले की गच्चीवरची तार सोडवून ठेवावी.

डायोडच्या या घराण्याचा मूळपुरुष कोण, हे मुलांना अवश्य सांगावे. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातले जगदीशचंद्र बोस! गॅलेना या शिशाच्या खनिजाचा लहरी टिपण्यासाठी उपयोग करणारे त्यांचे अमेरिकन पेटंट १९०४ सालचे आहे.

हातांतल्या मोबाईलमध्ये असले डायोड-कंडेन्सर अगणित आहेत. पण आवाज कोठून आला आणि कोठे गेला, हे त्यात बोट ठेवून दाखवता येत नाही. येथे ते धाकटीने आजीला दाखवले. आजींना बातम्या ऐकायच्या होत्या, ती गोष्ट निराळी.

घाई मात्र करायला हवी. हा सेट ऐकतो तो मध्यम लहरींवरच, आणि त्यांची जुनी केंद्रे ठिकठिकाणी बंद होत आली आहेत. एफ्‌एम त्याला कळत नाही. तेव्हा तार गुंडाळण्यापूर्वी आपल्या गावाजवळचे केंद्र चालू आहे ना, एवढी चौकशी करून घ्यावी.