सेकंदाला चाळीस माणसं, रांग शून्य

मनात ‘एक’ म्हणा. तेवढ्यात युरोपात चाळीस माणसं एका देशातून दुसऱ्या देशात गेलीसुद्धा. ‘दोन’ म्हणा. आणखी चाळीस! मिनिट भरेपर्यंत आकडा २,४३० वर जातो, तास भरेपर्यंत दीड लाखाला टेकतो आणि दिवस मावळून पुन्हा उजाडेपर्यंत ३५ लाख होतो. आणि यातल्या बहुतेकांनी खिशातला पासपोर्ट बाहेर काढलेलाच नसतो. ही रोजची सरासरी आहे, सणासुदीची गर्दी नव्हे!

मुंबईच्या लोकलने रोज साठ-सत्तर लाख माणसं जातात-येतात. त्यातली निम्मी रोज उठून परदेशी जातायत अशी कल्पना करा. ठाण्याला चढलं की एक देश, दादरला उतरलं की दुसरा. शेंगेन क्षेत्रात नेमकं हेच चालतं. २९ देश, आणि आतल्या सीमांवर नेहमीची तपासणीच नाही.

पसारा केवढा? साधारण ४५ लाख चौरस किलोमीटर. त्यात अख्खा भारत ठेवला तरी वर चारएक महाराष्ट्र मावतील! माणसं ४५ कोटी. २०११ च्या जनगणनेतली महाराष्ट्राची लोकसंख्या चारदा मोजा, तेव्हा हा आकडा येतो. लिस्बनहून गाडी काढा आणि नॉर्वेच्या उत्तर टोकाला, नॉर्डकॅपला जा. पोर्तुगाल, स्पेन, फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी, डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड, नॉर्वे: दहा देश! अंतर पाच हजारांवर किलोमीटर. मुंबई-पुणे दीडशेचं धरलं तर पस्तीसएक खेपा, आणि व्हिसा एकच. नुसती नॉर्वे-स्वीडन सीमाच १,६३० किलोमीटरची आहे. तीच जवळजवळ अकरा मुंबई-पुणे!

आणि एवढ्या अवाढव्य गोष्टीला नाव कुणाचं मिळालं? मोझेल नदीकाठच्या, द्राक्षमळ्यांमधल्या एका चिमुकल्या गावाचं. शेंगेन हे गाव लक्झेंबर्गमध्ये आहे आणि लक्झेंबर्ग हा देशच आपल्या गोव्यापेक्षा लहान: २,५८६ चौरस किलोमीटर. फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्ग इथेच एकमेकांना भिडतात. १४ जून १९८५ रोजी ‘प्रिन्सेस मारी-आस्ट्रिड’ नावाच्या जहाजावर पाच देशांनी सह्या केल्या: बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग, फ्रान्स आणि तेव्हाचं पश्चिम जर्मनी. तिथली नदी लक्झेंबर्ग आणि जर्मनीच्या सामाईक मालकीची आहे, म्हणून जहाज कुणा एकाच्या हद्दीत नव्हतं. प्रत्यक्ष तपासणी उठायला २६ मार्च १९९५ उजाडलं, तोवर स्पेन आणि पोर्तुगालही येऊन मिळाले होते. तिथून साताचे २९ झाले. रुमानिया आणि बल्गेरियाच्या रस्त्यांवरचे अडसर तर १ जानेवारी २०२५ ला उठले.

आता एवढ्या मोठ्या आकड्यांतून एकदम एका फुटपाथवर या. नेदरलँड्समध्ये बार्ले नावाचं गाव आहे. त्यात बेल्जियमचे २२ तुकडे विखुरलेत आणि त्या तुकड्यांच्या पोटात पुन्हा नेदरलँड्सचे ७ तुकडे! फरशीवर पांढऱ्या फुल्यांची रेघ काढलीय, तीच आंतरराष्ट्रीय सीमा. ती दुकानातून जाते, घराच्या दिवाणखान्यातून जाते. घर कोणत्या देशाचं? पुढचं दार ज्या देशात उघडतं त्या देशाचं. दाराशेजारच्या नंबरपाटीवर त्या देशाचे रंग असतात, म्हणजे पोस्टमनचा घोटाळा नको. इथे प्रत्येक फुलीवर शिपाई उभा करायचा म्हटला तर माणसाला बेकरीत जाऊन पाव आणायलाही चार शिक्के लागले असते.

पोटापाण्याचा हिशेब याहून थक्क करणारा आहे. राहतं घर एका देशात आणि नोकरी दुसऱ्या देशात, अशी माणसं १७ लाखांच्या घरात आहेत. एकट्या लक्झेंबर्गमध्ये रोज सकाळी दोन लाखांवर माणसं फ्रान्स, जर्मनी आणि बेल्जियममधून कामाला येतात. देशाची लोकसंख्या सात लाखसुद्धा नाही! तिथल्या नोकरदारांतला जवळजवळ दुसरा माणूस परदेशातून जेवणाचा डबा घेऊन येतो म्हणा ना. देशाच्या हद्दीत शिरलं की बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग २०२० पासून फुकट.

आत इतकं मोकळं, म्हणून बाहेरचं दार भक्कम. बाहेरची सीमा साधारण ५० हजार किलोमीटर, त्यातले पाचातले चार हिस्से समुद्राचे. पृथ्वीला विषुववृत्तावर वेढा घातला तरी ४० हजार किलोमीटरच लागतात. हे कुंपण सव्वा वेढ्याचं! आणि याच कुंपणाशी आपली गाठ पडते. २०२४ मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी ११ लाखांवर अर्ज गेले. चीन आणि तुर्कस्तानच्या खालोखाल आपणच. मोठ्या माणसाची फी ९० युरो. युरो शंभर रुपयांच्या घरात धरा, झाले नऊ हजार रुपये. सगळ्यांनी हाच दर भरला असं मानलं तर ९९० कोटी रुपये! त्यातले दीड लाखावर, साधारण १ लाख ६५ हजार अर्ज नाकारले गेले. वानखेडे स्टेडियम पाच वेळा खचाखच भरेल एवढी माणसं, आणि फी परत मिळत नाही. म्हणून कागदपत्रं जपून लावा, ३० हजार युरोंचा, म्हणजे ३० लाख रुपयांचा प्रवासविमा विसरू नका. व्हिसा मिळाला की मात्र नऊ हजारांत २९ देश. देशामागे ३१० रुपये, मराठी नाटकाच्या बाल्कनीच्या तिकिटाच्या आसपास! (व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.)

गोंधळ होतो तो नव्वद दिवसांचा. नियम असा: कोणताही दिवस धरा, तो धरून मागचे १८० दिवस मोजा, त्यात आत काढलेले दिवस नव्वदच्या वर जायला नकोत. आल्याचा दिवस मोजतात, निघाल्याचाही मोजतात. हे नव्वद सगळ्या २९ देशांत मिळून आहेत. सारखे वाटले तर देशामागे तीन दिवस आणि अडीच तास! नातवाला बघायला म्युनिकला गेलेली आजी मधेच चार दिवस स्वित्झर्लंडला जाऊन आली म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही. सलग नव्वद झाले की पुढचे नव्वद बाहेर. शिवाय लंडन या कुंपणाच्या आत नाही, आयर्लंडही नाही. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल आणि झुरिकहून लंडन करून पॅरिसला यायचा बेत असेल तर पॅरिसचं दार बंद! व्हिसा आहेच म्हणून पासपोर्ट हॉटेलात ठेवू नका. सदस्य देशांना आतल्या सीमांवर तात्पुरती तपासणी लावता येते. फ्रान्सने २०१५ पासून ती पुन्हा पुन्हा वाढवली, जर्मनीने सप्टेंबर २०२४ मध्ये सगळ्या भूसीमांवर लावली.

खरोखर सगळी दारं लागली तर काय होतं, ते मार्च २०२० मध्ये दिसलं. कोरोनामुळे पोलंडने सीमेवर तपासणी सुरू केली आणि जर्मनीच्या बाजूला चाळीस किलोमीटरहून लांब ट्रकची रांग लागली. पनवेलला उभं राहावं आणि रांगेचं टोक खोपोलीच्याही पुढे असावं, अशी! ती एका रस्त्यावरची.

मग रोजच्या ३५ लाखांची रांग लावून बघू या का? माणसामागे अर्धा मीटर धरू, दाटीवाटीनेच उभे करू. रांग भरते १,७५० किलोमीटर. मुंबईहून रेल्वेरुळाशेजारून निघालेली ही रांग दिल्लीला संपत नाही. अंबाला मागे टाकते, लुधियाना मागे टाकते आणि तरीही पुढे जाते. उद्या पुन्हा नवी रांग, तेवढीच.

आणि वेळ? प्रत्येकाचा पासपोर्ट बघायला फक्त एक मिनिट देऊ. ३५ लाख मिनिटं म्हणजे साडेसहा वर्षांहून जास्त. एका दिवसात साडेसहा वर्षं! आता हे ३६५ दिवस करा. येतात २,४३० वर्षं. एवढी वर्षं आजपासून मागे चालत जा. साडेतीनशे वर्षांवर शिवराज्याभिषेक लागतो, सव्वासातशे-साडेसातशेच्या सुमारास ज्ञानेश्वरी लागते, दोन हजारांच्या आसपास सातवाहन भेटतात. आणखी मागे अशोक, त्याच्या मागे चंद्रगुप्त मौर्य. चंद्रगुप्त गादीवर बसतो तरी आपल्या हातात ऐंशीएक वर्षं शिल्लकच! इतका वेळ युरोपातली माणसं दर वर्षी सीमेवर न थांबून वाचवतात, आणि तोसुद्धा माणशी एकच मिनिट धरून. पुढच्या एक जानेवारीला ही मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.