तीस व्होल्ट गेले कुठे?

भाऊबीज होऊन चार दिवस झालेत. गोंदिया शहर आता फुलचूरला येऊन भिडलंय, तरी आमच्या घरामागे अजून बांध्या आहेत. कापलेल्या धानाच्या कडपा उन्हात वाळताहेत, पलीकडे दोन पुंजणे उभे राहिलेत. आज गावात मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, आहे. ओसरीत पाहुणे, चुलीवर मोठं पातेलं, आणि रात्रीच्या दंडारीची, म्हणजे लोकनाट्याची, चर्चा सकाळपासूनच सुरू आहे.

काका एके काळी दंडारीत ढोलकी वाजवायचे. त्यांच्या जुन्या मंडळाची एक कॅसेट घरात जपून ठेवलेली आहे. पाहुण्यांना ती ऐकवायची म्हणून त्यांनी कोपऱ्यातल्या ॲम्प्लिफायरवरचं कापड काढलंय. बटण दाबताच स्पीकरच्या दोन्ही लाकडी पेट्यांतून ‘घूंऽऽ’ असा आवाज घुमतो. गाणं सुरू होतं, पण ढोलकीची थाप पडली की आवाज चिरकतो आणि दर्शनी दिवा मिणमिणतो. काकांचा चेहरा उतरतो.

“दिवसभर असाच करते जी. संध्याकाळी त पार बसून जाते,” ते सांगतात. “दोनदा दुरुस्त केला. आता स्टॅबिलायझरच आणतो.”

हे ते मामाजींना सांगताहेत. मामाजी रेडिओ, टेप, ॲम्प्लिफायर दुरुस्त करतात आणि सारं गाव त्यांना याच नावानं हाक मारतं. ते पिशवी खाली ठेवतात, पण ॲम्प्लिफायरकडे बघतही नाहीत. पिशवीतून मीटर काढतात आणि भिंतीवरच्या सॉकेटमध्ये त्याच्या दोन काड्या घालतात. आकडा येतो 226.

“पाहा, व्होल्टेज त बरोबर आहे,” काका म्हणतात.

“थांबा जी. बाई, इस्त्री आहे का घरी?”

आई इस्त्री आणून देते. 1,000 वॅटची जुनी, जड इस्त्री. मामाजी ती शेजारच्या सॉकेटला लावतात. मीटरवरचा आकडा आमच्या डोळ्यांदेखत घसरतो आणि 192 वर थांबतो. ओसरीतला पिवळा बल्ब मलूल होतो. इस्त्रीचं बटण बंद केलं की आकडा पुन्हा 226 वर.

“रिकामी बैलगाडी कोणीबी ओढते, बाबू,” ते माझ्याकडे वळून म्हणतात. “गाडीत पोतं टाकल्यावर समजते.”

घरगुती वीज 230 व्होल्टची धरलेली असते. नियमानं ती दोन्ही बाजूंना 6 टक्के इकडेतिकडे चालते, म्हणजे साधारण 216 ते 244. आमचे 192 त्यात कुठेच बसत नाहीत. ॲम्प्लिफायरमधला ट्रान्सफॉर्मर 24-0-24 चा आहे. पूर्ण 230 मिळाले तर डायोडमधून गेल्यावर दोन्ही बाजूंना साधारण 33 व्होल्ट डीसी तयार होतात. 192 च्या आसपास मिळाले तर जेमतेम 28. ढोलकीच्या थापेला क्षणात जास्त ताकद लागते आणि नेमकी तेव्हाच ती कमी पडते.

“तिरोड्याले 3,300 मेगावॉटचं वीज केंद्र हाय, अन् आपल्या घरी हे हाल?” काका विचारतात.

“वीज कमी नाही जी. ती वाटेत कुठं अडून राहिली, ते पाहू.”

मामाजी आता दाराशेजारच्या जुन्या लोखंडी मेन स्विचपाशी उभे आहेत. पायात रबरी चप्पल, खाली कोरडी फळी, डावा हात पाठीमागे. उजव्या हातानंच ते काड्या धरतात. इस्त्री पुन्हा चालू. विजेच्या मीटरकडून येणाऱ्या बाजूला 224. घरात जाणाऱ्या बाजूला 194. बाहेरची लाइन निर्दोष आहे. तीस व्होल्ट या हातभर पेटीत हरवलेत.

पुढची मोजणी मी प्रथमच पाहतोय. ते एक काडी येणाऱ्या फेजवर आणि दुसरी जाणाऱ्या फेजवर ठेवतात. जवळजवळ शून्य. जोडलेल्या दोन टोकांत फरक नसावाच. मग तेच न्यूट्रलवर. मीटर दाखवतो 30.

“सापडला,” ते हळूच म्हणतात.

इस्त्री लगेच बंद करून ते विजेच्या मीटरशेजारचा एमसीबी पाडतात, मेन स्विच खाली ओढतात आणि सगळं मृत झालंय का हे परत मोजून बघतात. न्यूट्रल सुटला आणि घरात एखादं बटण चालू राहिलं, तर न्यूट्रलच्याच काळ्या तारेत फेज उतरतो, हे ते मला बजावतात. मग स्क्रू फिरवतात. तो बोटांनीच फिरतो. खालची तार कोळशासारखी काळी, तिच्यावरचं प्लास्टिक वितळून कडक झालेलं, आणि जळकट वास.

ते जमिनीवर खडूनं गणित मांडतात. इस्त्री चालू असताना तारेतून साधारण 3.7 अँपिअर वाहत होते. 30 गुणिले 3.7, म्हणजे सुमारे 110 वॅट. शंभरचा बल्ब जितका तापतो, तितका हा करंगळीएवढा स्क्रू तापत होता, तोही लाकडी फळीवर, पडद्याला लागून. आई पडद्याकडे बघते आणि काही न बोलता तो बाजूला सारते.

“अन् स्टॅबिलायझर?” काका विचारतात.

“तो आणला असता त आणखी बिघडलं असतं. व्होल्टेज चढवाले तो लाइनीतून जास्त करंट ओढते. हा जोड आणखीच तापला असता.”

जळलेलं टोक कापलं जातं, तांबं लख्ख खरवडलं जातं, नवा लग दाबून स्क्रू आवळला जातो. वीज सुरू. इस्त्री सुरू. सॉकेटमध्ये 222. बल्ब हलतसुद्धा नाही.

पण ॲम्प्लिफायर अजून ‘घूंऽऽ’ करतोच आहे. आता कुठे मामाजी त्याची पेटी उघडतात. वायर काढल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते, म्हणून आधी एका रेझिस्टरनं ती उतरवतात. स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी पाडत नाहीत. मग सिरीज बोर्डावरच्या 100 वॅटच्या बल्बमधून वीज देतात. बल्ब एकदा लकाकून मंद होतो. शॉर्ट नाही. ॲम्प्लिफायर थेट लाइनीवर घेऊन डीसी मोजतात: एका बाजूला 32, दुसऱ्या बाजूला 27. मीटर एसीवर फिरवून कंडेन्सरवर धरतात. चांगल्या बाजूला आकडा नगण्य, दुसऱ्या बाजूला दोन व्होल्टांहून जास्त. जे सपाट व्हायला हवं होतं, त्यात लाटा उरल्यात. डायोडमधून गेल्यावर 50 च्या लाटा सेकंदाला 100 होतात. तीच आमची घरघर.

तरी ते लगेच काही बदलत नाहीत. वीज बंद करून, टोकं नीट ओळखून, 4700 मायक्रोफॅरडचा चांगला कंडेन्सर जुन्याला समांतर जोडतात. वीज देतात. पेट्या गप्प. पंख्याचा आवाजही आता ऐकू येतो.

“आता पक्कं झालं. हा वाळला आहे. वय झालं त्याचं.”

दोन दोष होते आणि एकानं दुसऱ्याला झाकलं होतं. याआधी दोन वेळा फक्त ॲम्प्लिफायर उघडला गेला, भिंत कुणी मोजली नाही. दुकानात तो न चिरकता वाजायचा, कारण तिथं वीज पुरी मिळायची; घरी आला की पुन्हा बसायचा. मला मामाजींच्या हाताइतकंच त्यांच्या क्रमाचं मोल वाटतं. आधी सॉकेट, मग भार, मग वाट, आणि शेवटी यंत्र. अंदाजानं त्यांनी एकही वस्तू बदलली नाही.

दोन्ही बाजूंचे कंडेन्सर नवे बसतात. काका कॅसेट लावतात. ढोलकीची थाप पडते, जाड, गोल, न चिरकता. काकांची बोटं मांडीवर त्याच तालात पडताहेत. पाहुणे बोलायचे थांबलेत.

वाचकांना माझी एक विनंती आहे. आज संध्याकाळी घरातली इस्त्री लावा आणि शेजारच्या खोलीतला पिवळा बल्ब बघा. तो ठळकपणे मंद होत असेल, तर नवं यंत्र किंवा स्टॅबिलायझर आणायच्या आधी परवानाधारक वायरमनला बोलवा आणि भार लावून मेन स्विच मोजायला सांगा. पेटी स्वतः उघडू नका. मीटरच्या आधीच व्होल्टेज कमी असेल, तर वीज कार्यालयात लेखी तक्रार करा. सैल स्क्रूनं आधी आवाज बिघडतो. दुर्लक्ष केलं तर घर पेटतं.