अणुऊर्जेच्या बातमीवर एल अँड टीचा शेअर घ्यावा का? आकडे काय सांगतात, बघा

बीडहून मांजरसुंबा आणि तिथून पाटोद्याचा रस्ता धरला की आमचं लिंबागणेश लागतं. बाहेरचे लोक गावाला ओळखतात ते भालचंद्र गणपतीच्या देवळामुळं. गावातली पोरं मात्र सध्या वेगळ्याच कारणानं मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली दिसतात. डिमॅट खातं.

काही वर्षांपूर्वी शेअर बाजार म्हणजे मुंबईवाल्यांचा धंदा, असं म्हणणाऱ्या गावात आता चहाच्या टपरीवर निफ्टीचा विषय निघतो. त्यातल्याच एका मित्राचा मला मेसेज आला. सोबत एक फॉरवर्ड होता. सरकारनं अणुऊर्जा खाजगी कंपन्यांना खुली केलीय, १०० गिगावॅटचं टार्गेट आहे, अणुभट्टीचं सामान बनवणारी एल अँड टी म्हणजे सोन्याची खाण, वगैरे. शेवटी रॉकेटचे तीन इमोजी. त्याखाली मित्राचा प्रश्न : "साठवलेलं सोयाबीन विकलं. पट्टी आलीय. पन्नास हजार टाकू का?"

या पन्नास हजारांत पुढच्या हंगामाचं बी-खत आहे, बोअरच्या मोटारीची दुरुस्ती आहे आणि बहिणीच्या हॉस्टेलची फी आहे, हे मला माहीत होतं. त्यामुळं 'बघ तुझं तू' म्हणून सोडून देता येईना. मी काही सेबीचा नोंदणीकृत सल्लागार नाही, म्हणून घे किंवा घेऊ नको हेही सांगता येईना. मग बसून आकडे काढले. तेच इथं मांडलेत.

आधी हे बघू, फॉरवर्डमधलं खरं किती?

बरंचसं खरं आहे, आणि अडचण तिथूनच सुरू होते.

फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारनं २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुऊर्जेचं उद्दिष्ट जाहीर केलं. छोट्या अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी २० हजार कोटी ठेवले आणि २०३३ पर्यंत अशा किमान पाच भट्ट्या सुरू करू असं सांगितलं. आज देशात अणुऊर्जेची क्षमता साधारण ८.८ गिगावॅट आहे आणि एकूण विजेत तिचा वाटा ३ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बावीस वर्षांत अकरा पटीहून जास्त वाढ करायची आहे.

मग डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं 'शांती' विधेयक मंजूर केलं. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा अणुअपघात भरपाईचा कायदा, दोन्ही यानं बाजूला केले. तोवर अणुवीज प्रकल्प उभारून चालवणं हे सरकारी कंपन्यांचंच काम होतं. आता परवाना घेऊन खाजगी भारतीय कंपनीलाही ते करता येईल. इंधनाचं समृद्धीकरण, वापरलेल्या इंधनावरची प्रक्रिया अशी संवेदनशील कामं मात्र सरकारकडेच राहतील.

गुंतवणूकदारांनी उचलून धरलेला मुद्दा याच कायद्यातला, पण वेगळा आहे. २०१० च्या कायद्यात अशी तरतूद होती की अपघात झाला आणि सदोष यंत्रामुळं झाला, तर प्रकल्प चालवणारी कंपनी यंत्र पुरवणाऱ्याकडून पैसे वसूल करू शकते. वाल्व्ह पुरवणाऱ्या छोट्या कारखानदारापासून अमेरिकेतल्या बड्या कंपनीपर्यंत सगळे या कलमाला बिचकून होते. नव्या कायद्यात ते गेलं. पुरवठादारावर भार येईल तो करारात तसं लिहिलं असेल तर, किंवा कुणी मुद्दाम नुकसान केलं असेल तर. मोठ्यात मोठ्या प्रकल्पासाठी चालवणाऱ्या कंपनीची जबाबदारीही ३,००० कोटींवर थांबते.

प्रकल्पाशेजारच्या गावांच्या नजरेतून पाहिलं तर ही गंभीर बाब आहे, आणि त्यावर वेगळा लेख होईल. यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या शेअरधारकाला मात्र ही चांगलीच बातमी वाटते.

एल अँड टी यात नेमकं करते काय?

हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो या दोन डॅनिश इंजिनिअरांनी १९३८ मध्ये मुंबईत ही कंपनी सुरू केली. देशाच्या अणुकार्यक्रमाशी तिचा संबंध अनेक दशकांचा आहे. ७०० मेगावॅटच्या एका देशी अणुभट्टीला चार स्टीम जनरेटर लागतात. भट्टीतल्या उष्णतेनं पाण्याची वाफ करणारी ही अजस्र भांडी. गुजरातमधल्या हजिऱ्याच्या कारखान्यात एल अँड टी ती बनवते. असलं काम करू शकणाऱ्या कंपन्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. आज ठरवलं आणि उद्या शेड टाकून सुरू केलं, असा हा धंदा नाही. आशावादी गुंतवणूकदारांचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे : मागणी वाढली तर काम जाणार कुणाकडे? याच मोजक्या लोकांकडे.

मुद्दा बरोबर आहे. पण फॉरवर्ड जिथं संपतो तिथून पुढचा हिशोब कुणी करत नाही. तो करून बघू.

शंभर रुपयांतले ऐंशी पैसे

केंद्रीय मंत्रिमंडळानं मे २०१७ मध्ये ७०० मेगावॅटच्या दहा अणुभट्ट्यांना एकदम मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज १ लाख ५ हजार कोटी. समजा यातलं एक पंचमांश काम एकट्या एल अँड टीला मिळालं. हे माझं गृहीतक आहे, कंपनीचा आकडा नाही. तर झाले २१ हजार कोटी. ते दहा वर्षांवर पसरले की वर्षाला २,१०० कोटी.

आता कंपनीची एकूण उलाढाल बघा. २०२४-२५ मध्ये ती साधारण २ लाख ५५ हजार कोटी होती. म्हणजे शंभर रुपयांच्या धंद्यात अणुऊर्जेचे साधारण ऐंशी पैसे.

"पण १०० गिगावॅट झाले तर?" मित्रानं लगेच विचारलं. प्रश्न रास्त आहे. वरच्याच दरानं, म्हणजे मेगावॅटला १५ कोटी धरून, उरलेल्या ९१ गिगावॅटला आजच्या किमतीत साडेतेरा लाख कोटींच्या वर लागतील. बावीस वर्षांत वाटले तर वर्षाला ६२ हजार कोटी. पुन्हा पाचवा हिस्सा धरा : १२ हजार कोटींच्या थोडं वर. आजच्या उलाढालीच्या पाच टक्क्यांहून किंचित कमी. तेही सरकारनं ठरवलेलं सगळं वेळेवर झालं तर.

मग हा शेअर हलतो कशावर? मार्च २०२५ अखेर कंपनीच्या हातात ५ लाख ७९ हजार कोटींच्या ऑर्डर होत्या आणि त्यातल्या निम्म्याच्या जवळपास परदेशातल्या, मुख्यतः आखाती देशांतल्या. सौदीतले तेल-वायूचे प्रकल्प, इकडं मेट्रो, रस्ते, पाणी योजना, शिवाय आयटीच्या उपकंपन्या. तेलाचा भाव पडला आणि आखातानं हात आखडला तर या शेअरवर जो परिणाम होईल, तो जैतापूरच्या बातमीनं होणार नाही. एल अँड टी चांगली कंपनी आहे म्हणून घेणं वेगळं आणि अणुऊर्जेसाठी म्हणून घेणं वेगळं. दुसरं म्हणजे जेवणाची थाळी लोणच्यासाठी मागवण्यातला प्रकार.

हा सिनेमा आपण आधी पाहिलाय

२००८ मध्ये भारत-अमेरिका अणुकरार झाला तेव्हाही वातावरण असंच होतं. परदेशी कंपन्या येणार, रांगेनं अणुभट्ट्या उभ्या राहणार. २००९ मध्ये एल अँड टीनं एकापाठोपाठ चार सामंजस्य करार केले : अमेरिकेची वेस्टिंगहाऊस, कॅनडाची एईसीएल, रशियाची अ‍ॅटमस्ट्रॉयएक्सपोर्ट आणि जीई-हिताची. त्याच वर्षी सरकारी अणुऊर्जा महामंडळाला, म्हणजे एनपीसीआयएलला २६ टक्के भागीदार करून हजिऱ्यात जड पोलादी भाग घडवणारी वेगळी कंपनीही काढली.

पुढं काय झालं? २०१० मध्ये ते भरपाईचं कलम आलं. मार्च २०११ मध्ये जपानात फुकुशिमा घडलं. २०१७ मध्ये वेस्टिंगहाऊसनंच अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. वेस्टिंगहाऊस किंवा जीई-हिताचीची एकही भट्टी त्या करारानंतर भारतात उभी राहिलेली नाही. आणि हजिऱ्यातली ती पोलादाची कंपनी? अपेक्षेइतक्या ऑर्डर आल्या नाहीत आणि ती वर्षानुवर्षं तोट्यात राहिली. कारखाना तयार, यंत्रं तयार, माणसं तयार, आणि काम नाही. एल अँड टी मोठी म्हणून पचवू शकली.

आपल्या महाराष्ट्रातलं जैतापूर घ्या. डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सचे तेव्हाचे अध्यक्ष सार्कोझी भारतात आले, करार झाला. प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्या, जगातला सगळ्यात मोठा अणुवीज प्रकल्प. जमीन गेली, आंदोलनं झाली, एप्रिल २०११ मध्ये साखरी नाट्यात पोलीस गोळीबारात एकाचा जीवही गेला. २०१५ मध्ये पंतप्रधानांच्या पॅरिस दौऱ्यात एल अँड टी आणि अरेव्हानं जैतापूरचे सुटे भाग भारतात बनवण्यासाठी करार केला, तेव्हा पुन्हा टाळ्या वाजल्या. २०२१ मध्ये फ्रान्सच्या ईडीएफनं एनपीसीआयएलला प्रस्ताव दिला. त्यानंतरही दर, खर्च आणि जबाबदारीवरच्या वाटाघाटीच चालू राहिल्या. भट्टीचं काँक्रीट काही पडलं नाही.

आणि जे प्रकल्प रखडत नाहीत, त्यांनाही किती वेळ लागतो? काकरापारची तिसरी भट्टी, पहिली ७०० मेगावॅटची देशी भट्टी. पहिलं काँक्रीट नोव्हेंबर २०१० मध्ये पडलं, व्यावसायिक वीज सुरू झाली जून २०२३ मध्ये. साडेबारा वर्षं. २०१७ च्या त्या दहा मंजूर भट्ट्यांपैकी राजस्थानातल्या माही बांसवाड्याच्या चार भट्ट्यांची पायाभरणी सप्टेंबर २०२५ मध्ये झाली. म्हणजे मंजुरी ते पायाभरणी, आठ वर्षं. आमच्याकडं बालाघाटाच्या डोंगरावर पवनचक्की बघता बघता उभी राहते, त्या सवयीनं अणुऊर्जेकडं बघून चालत नाही.

बाजाराचं मात्र उलट असतं. विधेयक मांडलं जाणार ही बातमी आली की भाव त्याच सकाळी हलतो. तो फॉरवर्ड लिंबागणेशला पोचेपर्यंत मुंबईतल्या फंड मॅनेजरनं आपलं काम उरकलेलं असतं.

मग छोटी कंपनी घ्यायची का?

मित्राचा पुढचा प्रश्न हाच होता, आणि खरा धोका इथंच आहे.

आमच्या भागातल्या ऊसतोडीच्या टोळ्या इंदापूर-बारामतीकडं जातात, त्यांना वालचंदनगर नाव नवं नाही. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्यापासून ते लांब नाही. तिथली वालचंदनगर इंडस्ट्रीज एकेकाळी साखर कारखान्यांची यंत्रं बनवण्यासाठी प्रसिद्ध होती. अणुभट्ट्यांचे भाग आणि इस्रोच्या रॉकेटच्या मोटारींची कवचंही बनवते. चांद्रयान-३ नेणाऱ्या रॉकेटलाही तिचा हात लागलाय. कंपनी छोटी, त्यामुळं अणुऊर्जेची एखादी मोठी ऑर्डर आली तर एल अँड टीसारखे ऐंशी पैसे नव्हे, चांगला मोठा फरक पडेल. हिशोब बरोबर आहे. पण हीच कंपनी २०२३-२४ आणि २०२४-२५, दोन्ही वर्षं तोट्यात होती. इंजिनिअरिंग येणं आणि नफा कमावणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत.

याच वालचंद हिराचंदांनी १९२६ मध्ये काढलेली एचसीसी. देशातल्या अणुवीज प्रकल्पांच्या बांधकामात तिचा वाटा फार मोठा आहे. पण तिच्या शेअरधारकांना पोळलं ते अणुऊर्जेनं नाही, कर्जानं आणि लवासानं. लवासाची कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. 'अणुऊर्जा शेअर' म्हणून एचसीसी घेऊन बसलेल्या माणसाला पुण्याजवळच्या डोंगरातल्या एका शहराचा हिशोब भरावा लागला.

बातमी आली की काय बघायचं?

पहिलं, शब्द. सामंजस्य करार म्हणजे ऑर्डर नाही. एप्रिल २०२५ मध्ये महाजेनकोनं रशियाच्या रोसाटॉमबरोबर थोरियमवर चालणाऱ्या छोट्या भट्टीसाठी असा करार केला, तेव्हाही बरेच मेसेज फिरले. असा करार म्हणजे सुपारी फुटणं सोडा, स्थळ बघायला जायचं ठरलं इतकंच.

एल अँड टीची ऑर्डर खरंच आली तर कंपनी ते शेअर बाजाराला कळवते. गंमत म्हणजे बहुतेक वेळा नेमका आकडा देत नाही, शब्द देते. 'सिग्निफिकंट' म्हणजे १,००० ते २,५०० कोटी, 'लार्ज' म्हणजे ५,००० पर्यंत, 'मेजर' म्हणजे १० हजारांपर्यंत, 'मेगा' म्हणजे १५ हजारांपर्यंत आणि त्यावर 'अल्ट्रा-मेगा'. 'सिग्निफिकंट' वाचून छाती फुगवण्याआधी ५ लाख ७९ हजार कोटींचा आकडा आठवायचा. एनएसई आणि बीएसईच्या वेबसाईटवर ही पत्रं फुकट वाचता येतात.

आणि टिप देणारा कोण, ते बघायचं. शेअरचा सल्ला देणाऱ्या विश्लेषकाला सेबीची नोंदणी लागते आणि त्याचा क्रमांक 'आयएनएच' या अक्षरांनी सुरू होतो. मित्राला आलेल्या फॉरवर्डखाली क्रमांक नव्हता, टेलिग्राम ग्रुपची लिंक होती.

हे सगळं मी त्याला फोनवर सांगितलं. तास गेला. बहिणीची फी त्यानं दुसऱ्याच दिवशी भरली, मोटारही दुरुस्त झाली, बियाण्याचे पैसे बँकेत आहेत. उरलेल्यातून त्यानं एल अँड टीचा एक शेअर घेतला. एकच. मी विचारलं, कशाला? म्हणाला, "आता दर तीन महिन्यांनी निकाल वाचावा लागंल ना." परवा त्यानंच मला एका छोट्या कंपनीचं पत्र पाठवलं, त्यात 'सामंजस्य करार' या शब्दांवर लाल गोल केलेला होता.