फुगलेल्या शिरा आणि घोट्याजवळचा काळा डाग

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारीची काढणी सुरू झाली की संध्याकाळी सगळ्यांचेच पाय भरून येतात. रात्री तेल चोळलं, झोप झाली की सकाळी पाय हलके. त्यामुळे पोटरीवर निळसर, वेड्यावाकड्या शिरा दिसायला लागल्या तरी ‘कष्टाचे पाय आहेत, असायच्याच’ एवढ्यावर विषय संपतो. पहिला गैरसमज हाच. राबण्यापेक्षा पायाला जास्त बाधतं ते एका जागी उभं राहणं.

पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात. पाऊल टाकलं की पोटरी आवळते, रक्त वर ढकललं जातं आणि शिरांमधल्या बारीक झडपा ते पुन्हा खाली उतरू देत नाहीत. विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह गळायला लागला की पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरतं. शिरेची झडप बिघडली की रक्ताचंही तसंच होतं. खाली उतरलेलं रक्त शिरेत साचतं, दाब वाढतो आणि शीर फुगून नागमोडी होते. डॉक्टर याला व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात.

म्हणून या दुखण्यात हॉटेलच्या भट्टीपुढचा आचारी, सलूनमधला कारागीर, फळ्यापुढचे गुरुजी, बंदोबस्तावरचा पोलीस, सोलापुरात यंत्रमागावर उभा असलेला कामगार हे हमखास दिसतात. आषाढीला मंगळवेढ्याहून पंढरपूरला चालत जाणाऱ्याची पोटरी वाटभर आपलं काम करत असते. त्याच माणसाचे पाय दर्शनबारीत ताटकळताना जड होतात. बारीत उभं असताना अधूनमधून टाचा उचलून खाली ठेवल्या तरी फरक पडतो. ‘शिरा फुगल्यात, आता चालणं बंद’ हा घरोघरी मिळणारा सल्ला म्हणूनच उलटा आहे.

आईवडिलांपैकी कुणाला हा त्रास असेल तर मुलांना होण्याची शक्यता वाढते. गरोदरपणात बायकांच्या शिरा फुगतात, कारण त्या काळात अंगातलं रक्त वाढतं, शिरांच्या भिंती सैल होतात आणि पोटातला दाबही वाढतो. बाळंतपणानंतर काही महिन्यांत त्या बऱ्याच ओसरतात, म्हणून गरोदरपणात ऑपरेशन करत नाहीत. पण हा फक्त बायकांचा आजार आहे, असं मात्र नाही. पुरुषांच्या शिरा पँटखाली झाकलेल्या राहतात आणि पुष्कळदा जखम झाल्यावरच दवाखाना गाठला जातो.

त्या जखमेबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. आधी घोट्याच्या आतल्या बाजूला, थोडं वर, कातडी तपकिरी पडायला लागते. शिरेतल्या दाबामुळे रक्ताच्या लाल पेशी बाहेर झिरपतात आणि त्यांतलं लोह कातडीखाली साठतं, त्याचा तो रंग. मग खाज सुटते. गजकर्ण समजून मेडिकलमधून मलम आणलं जातं, वर्षभर लावलं जातं. कातडी लाकडासारखी घट्ट होते आणि एक दिवस खरचटल्याचं निमित्त होऊन जखम उघडते. ती भरतच नाही. ‘रक्त खराब झालंय’ म्हणून कुणी जळवा लावायला सांगतं, कुणी हळद भरायला, कुणी दर महिन्याला अँटिबायोटिकचा कोर्स देतं. रक्तात काहीही खराब नसतं. जंतुसंसर्ग नसेल तर अँटिबायोटिकचा उपयोगही नसतो. वरून मलमपट्टी आणि आतून झडप गळतेय, तोवर जखम भरणार कशी?

ब्रिटनमध्ये अशा जखमा असलेल्या ४५० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना दाबाच्या पट्ट्या होत्याच. त्यातल्या निम्म्यांच्या बिघडलेल्या शिरेवर दोन आठवड्यांच्या आत उपचार केले, बाकीच्यांचे पुढे ढकलले. पहिल्या गटात निम्म्या रुग्णांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या, दुसऱ्या गटात त्याला ८२ दिवस लागले. काळा डाग दिसला की तपासणी करायची, जखमेची वाट बघायची नाही, हे मी म्हणूनच आग्रहाने सांगतो.

तपासणीचं नाव कलर डॉपलर. ही सोनोग्राफीच असते. सुई नाही, दुखत नाही. फक्त ती उभं राहून व्हायला हवी, कारण झोपल्यावर शिरा रिकाम्या होतात आणि दोष लपतो. रुग्ण दुसऱ्या पायावर भार देऊन उभा राहतो, मांडीला जेली लावून प्रोब टेकवतात आणि पोटरी दाबून सोडतात. पडद्यावर रक्त वर जाताना एक रंग दिसतो. सोडल्यावर तो थांबला तर झडप शाबूत. उलटा रंग अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ दिसत राहिला तर झडप गळतेय. आतल्या खोल शिरेत गुठळी आहे का, तेही याच वेळी पाहतात. निव्वळ डोळ्यांनी शिरा बघून ‘लेझर करून टाका’ म्हणणाऱ्याकडे आधी डॉपलर मागावा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा असतील आणि त्रास काहीच नसेल, तर पुष्कळांना कुठलंही ऑपरेशन लागत नाही.

‘शीर काढली तर रक्त जाणार कुठून?’ ही भीती मोठी आहे. पायातलं सुमारे नव्वद टक्के रक्त खोल शिरांमधून वर जातं. कातडीजवळची बिघडलेली शीर बंद केली की रक्त चांगल्या वाटेने जातं आणि पाय हलका होतो. पुढे बायपासला शीर लागेल म्हणून ती राखून ठेवावी, असंही काहीजण म्हणतात. पण फुगून वेडीवाकडी झालेली शीर बायपासला सहसा चालत नाही.

उपचारही आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. जांघेत चीर देऊन शीर ओढून काढायचं ऑपरेशन अजून होतं, पण उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१३ मध्येच लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीला पहिला क्रम दिला, त्यानंतर फेसाच्या इंजेक्शनला आणि मग ऑपरेशनला. लेझरमध्ये सोनोग्राफीवर बघत बारीक तार शिरेत घालतात आणि आतून उष्णता देऊन ती बंद करतात. जागा बधिर केलेली असते. बहुतेक जण त्याच दिवशी चालत घरी जातात. पुढे दुसरी एखादी शीर फुगू शकते, त्याला ‘लेझर फसलं’ म्हणू नये.

दाबाचे मोजे सूज आणि जडपणा कमी करतात, झडप दुरुस्त करत नाहीत. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी घालावेत, रात्री काढावेत. मधुमेह असलेल्यांनी आणि तंबाखू-विडीवाल्यांनी आधी पायाच्या धमन्यांतला रक्तपुरवठा तपासून घ्यावा. तो कमी असेल तर घट्ट मोज्याने पाय धोक्यात येतो. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखायला लागली तर खोल शिरेतल्या गुठळीची शंका धरून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तिथे तेलमालिश नको.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवून पुढे सोलापूरच्या सिव्हिलमध्ये सर्जरी विभागात जाता येतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून आधीच विचारावं.

राहिली एक गोष्ट, ती मात्र घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावी. फुगलेली शीर कधीकधी आंघोळ करताना किंवा काटा लागून फुटते आणि रक्ताची धार लागते. घाबरून माणूस उभाच राहतो, कुणीतरी मांडीला दोरी आवळतं. दोन्हींमुळे रक्त आणखी वाहतं. माणसाला आडवं झोपवा, पाय उशांवर छातीपेक्षा वर घ्या आणि फुटलेल्या जागेवर स्वच्छ फडकं ठेवून दहा मिनिटं न उचलता दाबून धरा. रक्त बहुधा थांबतं. तरी दवाखान्यात जावंच, कारण तीच शीर पुन्हा फुटू शकते.