नावाला किती घरे?

गेल्या वर्षी परीक्षेचे हॉलतिकिट हाती आले आणि पाहतो तो वडिलांच्या नावातला शेवटचा ‘ग’ गायब! पांडुरंगाचे ‘पांडुरं’ झाले होते. खिडकीमागच्या कारकुनांनी ‘रकान्यात मावले नाही’ एवढेच सांगितले. नावाने रकान्यात मावावे की रकान्याने नावाला सामावून घ्यावे, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात घोळतो आहे. त्याचा माग काढता काढता मी ‘बुलेटिन बोर्ड’ ह्या जुन्या संगणकी करामतीपाशी येऊन पोचलो.

बुलेटिन बोर्ड म्हणजे सूचनाफलकच, पण संगणकातला. १९७८ च्या जानेवारीत शिकागो शहर हिमवादळाने ठप्प झाले असता वॉर्ड ख्रिस्टेन्सन व रँडी सूस ह्या दोन हौशी गृहस्थांना ही कल्पना सुचली आणि १६ फेब्रुवारी १९७८ रोजी त्यांचा फलक सुरू झाला. आपण घरच्या संगणकावरून टेलिफोनने तिथे जोडून घ्यायचे, निरोप वाचायचे, आपला लिहायचा. लाइन एकच, त्यामुळे एक जण आत असेतो बाकीचे बाहेर ताटकळत!

पुढे असे फलक हजारोंनी झाले. आत येणाऱ्याचे नाव, गाव, मागच्या भेटीची तारीख ही माहिती फलक जपून ठेवी व पडद्यावर दाखवी. स्वागताचा मजकूर चालक एकदाच लिहून ठेवत असे. लग्नपत्रिकेवर नावापुरती जागा कोरी सोडतात ना, तसाच. कोऱ्या जागी मात्र खुणेचा शब्द असे. आजही वापरात असलेल्या ‘सिंक्रोनेट’ ह्या प्रणालीत दोन ‘@’ चिन्हांमध्ये ‘एलियास’ म्हणजे टोपणनाव हा शब्द लिहिला, की तिथे त्या त्या माणसाचे नाव उमटते. त्याच शब्दापुढे आडवी रेघ, ‘एल’ हे अक्षर आणि २० हा आकडा घातला, की नाव वीस घरांत डावीकडून बसते. कमी पडले तर पुढे कोरी घरे, जास्त झाले तर कात्री. ‘एल’ ऐवजी ‘आर’ लिहिले, की उजवीकडून. नावे डावीकडून लावावीत, आकडे उजवीकडून. नाहीतर ९ हा आकडा १०५ च्या शतकाखाली जाऊन बसतो आणि यादी वाचवत नाही.

पडदा बहुधा ८० घरे रुंद. ही कोरी घरेही फुकट येत नसत, हे मला फार गमतीचे वाटले. सुरुवातीचे मोडेम सेकंदाला जेमतेम ३० अक्षरे पाठवीत. वीस ओळींची यादी कडेपर्यंत भरून पाठवली, तर १६०० अक्षरांना ५३ सेकंद लागत, आणि रिकामी जागाही अक्षरासारखीच तारेवरून चालत येई. म्हणून शेवटच्या रकान्यापुढे कोरी घरे भरू नयेत, हे शहाणपण.

खरी अडचण पुढेच आहे. मोजायचे काय? नावाला रंग द्यायचा तर रंगाच्या खुणाही मजकुरातच असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण मोजणीत धरल्या जातात आणि पुढचा रकाना सरकतो. इंग्रजी नावात अक्षर, घर आणि बाइट (म्हणजे साठवणीचे एकक) यांचा हिशेब एकच असल्याने एरवी हे खपून जाई. आता आपला ‘ज्ञानेश्वर’ घ्या. कानाला चार अक्षरे. युनिकोडमध्ये मात्र हलन्त, काना, मात्रा धरून १० चिन्हे, आणि प्रचलित यूटीएफ-८ साठवणीत प्रत्येकी ३ याप्रमाणे ३० बाइट! बाइट मोजून २० वर कापणाऱ्या प्रोग्रॅमच्या हाती ‘ज्ञाने’ येईल आणि ‘श’चे दोन तृतीयांश तुकडे, पडद्यावर त्यांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह. म्हणजे कापायचेच झाले तर ते अक्षराच्या कडेला कापावे, आणि कोरी घरे भरताना पडद्यावर व्यापलेली जागा मोजावी. तरीही ‘ज्ञा’ आणि ‘र’ सारख्याच रुंदीच्या घरांत नीट बसत नाहीत ते नाहीतच. ती घरे मुळी इंग्रजी अक्षरांच्या मापाने आखलेली.

असो. हॉलतिकिटावरचा ‘ग’ मी बॉलपेनने लिहून टाकला. पर्यवेक्षक सरांनी तो पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता सही केली.